शिंगाला विटाळ नसतो

सुभद्रामावशी लग्नाची बाशिंगं करायच्या आणि प्रत्येक बाशिंग आधी स्वतःच्या कपाळाला बांधून हापशीवर पाणी भरायला जायच्या. महागावात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. बेगडाचं झगमगतं बाशिंग लावून मावशी हापशीचा दांडा खालीवर करतायत, हे मी लहानपणापासून पाहत आले. दोन गुंड, म्हणजे घागरी, भरेपर्यंत बाशिंग कपाळावरून हललं नाही, तर ते पास. कोणी हसलं की म्हणायच्या, "जे माह्या डोक्यावर टिकत नायी, ते लोकाच्या लेकराच्या डोक्यावर कायले ठेवू?"

हे चाललं ते मावशींचे यजमान, आमचे काका, होते तोवर. काका गेले, आणि हापशीवरच्या त्याच बायकांना अचानक मावशींचं कपाळ दिसायला लागलं. पांढऱ्या कपाळाला लागलेलं बाशिंग नवरीला कसं चालेल? महिन्याभरात गिऱ्हाईक तुटलं. पुतण्या गजानन तसा भला माणूस. त्याने तोडगा काढला, "काकू, तुमी बनवा, मी बनवलं म्हणून सांगतो. फक्त कपाळाले लावू नका."

मावशींनी कात्री खाली ठेवली. "काहून? हात तोच हाय, कात्री तीच हाय. माह्या हातचं हाय तं माह्या नावानं जाईन. नायी तं जाणारच नायी."

आणि खरंच जाईना. तरी मावशी बाशिंगं करतच राहिल्या. भिंतीवर जागा उरली नाही तेव्हा दोरीवर टांगायला लागल्या.

त्याच दिवसांत मी माझं खूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. नागपूरला कॉलेजात होते. तिथे आपल्या मनातलं अद्भुत पात्र सजवून यायची स्पर्धा होती. मी वहीत जंगलाची राखणदारीण काढली होती. अंगात सागाच्या पानांचा झगा आणि डोक्यावर हातभर लांब वळणदार शिंगं. आई म्हणाली होती, "लग्नाच्या वयात पोरीले शिंगं फुटली." मावशींनी वही दूर धरून पाहिली आणि एवढंच विचारलं, "हे लावून नाचशील का?"

"हो."

"मंग हलकी पायजेत."

पहिली जोडी त्यांनी बाशिंगाच्या सवयीने केली. थर्माकोल कोरलं, बेगड चिकटवली, आणि टोकाला पोळ्यात बैलाच्या शिंगांना लावतात त्या पितळी शेंब्या. मला तर डोळ्यांचं पारणं फिटल्यासारखं झालं. मावशी शिंगं लावून, गुंड घेऊन हापशीकडे निघाल्या आणि स्वतःच्याच दारात कटकन आवाज आला. शिंगाचा तुकडा थेट गुंडात. तीस वर्षं त्या त्याच दारातून ये-जा करत होत्या, पण कपाळाच्या वर त्यांनी कधी काही बांधलंच नव्हतं. उंबऱ्यावर बसून त्या पोट धरून हसल्या. "नवरदेव वाकत नायी वं, त्याच्यासाठी समदे वाकतेत. तुह्या या बाईले दारादारात वाका लागते. हिचं शिंगच वाकलं पायजे."

मग त्यांनी टीव्हीच्या दुकानातून खोक्यातला पांढरा फोम मागून आणला. त्याच्या गोल चकत्या कापल्या, बुडाशी बांगडीएवढ्या, टोकाशी बटणाएवढ्या. मधोमध भोक पाडून सायकलच्या ट्यूबची पट्टी ओवली. वरून जुन्या लुगड्याचं कापड चढवलं, तेही तिरकं कापून, म्हणजे ते ताण खातं. आतल्या अंगाने धागा ओढून चुण्या घातल्या तशी शिंगं आपसूक वळली. दोन्ही मिळून भाकरीएवढं वजन. दाराला आपटली की मान टाकायची आणि पलीकडे गेली की पुन्हा ताठ.

मावशी ती लावून भर सकाळी हापशीवर गेल्या. मी मागे होते. मालतीकाकू, गल्लीतल्या सगळ्यांच्या पापपुण्याचा हिशेब ठेवणाऱ्या, नंबर लावून उभ्या होत्या.

"सुभद्रे, आता हे काय सोंग? तुले शोभते का?"

"बाशिंगाले माहा इटाळ होते म्हणता," मावशी दांडा मारत म्हणाल्या. "शिंगाले कोणाचा होते, ते सांगा बरं."

दांड्यागणिक शिंगं डुलत होती. मावशींनी दोन गुंड भरले आणि गरज नसताना तिसराही भरला.

नागपूरला मला बक्षीस मिळालं नाही, पण मी जीव खाऊन नाचले आणि शिंगं जागची हलली नाहीत. पुढे शाळांच्या गॅदरिंगसाठी पार ढाणकीहून मावशींकडे शिंगांची मागणी यायला लागली. लग्नाचं बाशिंग मात्र कोणी मागितलं नाही.

म्हणून माझं लग्न ठरलं तेव्हा मी घरी सांगून टाकलं, बाशिंग मावशींच्या हातचं, नाहीतर बिनबाशिंगाची उभी राहीन. बाबांनी आठवडाभर अबोला धरला आणि शेवटी मानले. लग्नाच्या सकाळी मावशी नव्या टॉवेलात बाशिंग गुंडाळून आल्या.

"हापशीवर गेलत्या का?" मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "नायी गेली. तुह्यापायी मले भेव वाटलं, पोरी. लोकं म्हणतेत ते चुकून खरं निघालं तं?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. जी बाई आख्ख्या गल्लीला पुरून उरली, तिला माझ्यावरच्या मायेने हरवलं होतं. बाशिंग उचललं, त्यांच्या कपाळाला बांधलं, त्यांनीच शिकवलेली गाठ मागे केसांखाली मारली आणि गुंड त्यांच्या हातात दिला. "चला."

हळदीच्या साडीतली मी आणि बाशिंग लावलेल्या मावशी मांडवातून निघालो. वाजंत्रीवालेसुद्धा थांबले. पहिला गुंड त्यांनी खालच्या मानेने भरला. दुसऱ्याला मान वर आली. बाशिंग तसूभर हललं नाही. तिथेच मी ते सोडवून स्वतःला बांधून घेतलं.

"घामानं ओलं झालं हाय वं," मावशी म्हणाल्या.

"असू द्या."

मावशी मागच्या उन्हाळ्यात गेल्या. ती शिंगं आमच्या यवतमाळच्या घरात दारावर टांगलेली असतात. माझा नवरा धडधाकट आहे, जेवतो भरपूर आणि भांडतोही जोरात. माहेरी गेले आणि मालतीकाकू हापशीवर दिसल्या, की मी हे त्यांना थांबून, मुद्दाम, मोठ्याने सांगते.