डुमसच्या देवीचा कौल

कुठल्या तोंडानं सांगू तेच कळत नाही. पण सुरतेतल्या अर्ध्या उधन्यानं तो व्हिडिओ पाहिलाय, मग तुमच्यापासूनच काय लपवायचं? चहा घ्या. आणि मधे मधे हसू नका, माझं सांगायचं राहून जातं. शेवटी काय ते एकदाच हसा.

माझी नात हर्षू. दिवसा साड्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते, आणि उरलेल्या वेळात कानाला ते मोठे डबे लावून गाणी वाजवायला शिकली. डीजे म्हणतात. डुमसला समुद्राकाठी एक क्लब आहे, मोठ्या गाड्यांतून येणाऱ्या लोकांचा. तिथं तिला बोलावणं आलं. एक शनिवार वाजवून दाखव, मालकांना आवडलं तर दर शनिवारी तूच.

माझा मुलगा भिकन मिलमध्ये रंगाचा मास्तर आहे. हे ऐकून तो स्वतःच लालपिवळा झाला.

"पोरगी क्लबात भोंगे वाजवणार? उद्या सोयरे काय म्हणतील?"

हर्षू रडकुंडीला आली. "पप्पा, एकदा येऊन बघा तरी!"

"मी? मी त्या दारात पाय ठेवणार नाही. आई जाईल. आई माणूस बरोबर ओळखते. ती जागा कशी, तिथले लोक कसे, ती बघून येईल. ती नको म्हणाली तर विषय संपला."

बघा, केवढा विश्वास! मी नवी साडी नेसले, कमरेला बटवा खोचला आणि हर्षूबरोबर रिक्षात बसले. पोरगी वाटभर माझा हात धरून होती. मी मनात म्हटलं, रखमाबाई, आज पोरीचं नशीब तुझ्या जिभेवर आहे. नीट बघ.

दारात काळ्या कपड्यांतला एक पहिलवान उभा. मी चप्पल काढली आणि नमस्कार करून आत निघाले.

"आजी, चप्पल घाल!" हर्षू कुजबुजली.

"अगं, एवढ्या दिव्यांच्या जागी चपलीनं जायचं?"

पहिलवानानं माझा बटवा तपासला. तंबाखूची डबी निघाली, कुंकवाचा करंडा निघाला, मग एक बाटली निघाली. आपल्या गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे त्याचे डोळे चमकले. त्यानं झाकण उघडून चांगला जोरात वास घेतला. गुडघ्याचं तेल होतं हो! बिचारा सात वेळा शिंकला आणि डोळे पुसत म्हणाला, "जाओ बा, जाओ."

हर्षूनं मला एका उंच स्टुलावर बसवलं. एवढा उंच, की माझे पाय पाळण्यातल्या बाळासारखे लोंबकळत होते. पुढ्यात एक पाण्याची बाटली ठेवली. "इथून हलायचं नाही हं, आजी," असं बजावून ती वर माचावर गेली आणि तिनं वाजवायला सुरुवात केली.

काय वाजवलं पोरीनं! छातीत धडधड, स्टुलात धडधड, बटव्यातली सुपारीसुद्धा उड्या मारायला लागली. चहूकडून लाल-निळे दिवे. तेवढ्यात जमिनीतून पांढरा धूर निघाला. मला वाटलं, ऊद लावला असेल. पण वास कसा येईना?

आणि त्या धुरात ती मला दिसली.

चांदीसारखा चकचकीत झगा, केस मोकळे, डोळे मिटलेले. दोन्ही हात वर, आणि मान अशी खालीवर, खालीवर! आजूबाजूची माणसं बाजूला होऊन तिला जागा देत होती.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? आम्ही खानदेशी माणसं. श्रावणात आमच्या घरी कानबाई बसते. सकाळी वाजतगाजत तिला तापीवर बोळवायला निघालो की एखाद्या बाईच्या अंगात देवी येते. केस सुटतात, मान डोलते, अगदी अश्शीच! मग तिच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, पदर पसरून कौल मागायचा. लहानपणापासून हेच पाहिलंय. आणि इथं एवढ्या माणसांत एकालाही सुचू नये? सगळे नुसते मोबाइल धरून उभे!

मला राहवेना. मी स्टुलावरून उडी मारली. गुडघा म्हणाला कट, पण देवीच्या कामाला निघालेली बाई गुडघ्याचं ऐकते होय? बाटली घेतली, गर्दीत घुसले आणि तिच्या पायांवर पाणी ओतलं.

पाणी फसफसलं!

पायाला लागताच बुडबुडे! माझ्या अंगावर काटा आला. सत्तर वर्षांत असला चमत्कार पाहिला नव्हता. तो सोडा होता, हे मला नंतर सांगितलं.

मग काय, करंडा उघडला, कपाळभर कुंकू लावलं, पदर पसरला आणि ओरडून विचारलं, "माय, आमच्या हर्षूला हे काम करू देऊ का?"

मान खालीवर. हो!

"तिचं भलं होईल?"

हो!

"भिकनचा राग जाईल?"

हो, हो, हो!

कौल लागतोच आहे म्हणून मी गुडघ्याचंही विचारून घेतलं. त्यालाही हो!

एवढ्यात मागून माझा पदर कोणीतरी ओढला. दोन गुजराती पोरी. "बा, मने पण चांदलो करो ने!" म्हणजे मलाही कुंकू लावा. लावलं. त्यांच्यामागं चार जणी आल्या. एक दाढीवाला तरुण हात जोडून म्हणाला, "बा, मेरा कॅनडा का वीसा पूछो ना!" मी पूछलं. देवीनं मान हलवली. तो आनंदानं नाचतच गेला. बघता बघता रांग लागली, आणि मी "ढकलू नका, सगळ्यांचं होईल" म्हणत रांग सांभाळायला लागले.

आणि वाजप थांबलं. एकदम.

हर्षूनं वरून पाहिलं होतं. त्या शांततेत माझा एकटीचा आवाज घुमला, "काय व हर्षू, थांबलीस कशाला? देवी निघून जाईल ना!"

देवीची मान थांबली. देवीनं डोळे उघडले. खाली पाहिलं, भिजलेले सँडल. कपाळाला हात लावला, लाल बोटं. मग तिनं दोन्ही कानांतून दोन बोंडं काढली. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून घातलेली!

म्हणजे मी विचारलेलं तिला एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं. गुडघ्याचंसुद्धा नाही.

हर्षू धावत खाली आली. चेहरा पांढराफटक. "मॅडम, सॉरी. ही माझी आजी आहे. तिला वाटलं... आमच्याकडे असं... मॅडम, चूक माझी आहे, मीच तिला एकटीला बसवून गेले. तिला काही बोलू नका."

मॅडम? मी हर्षूकडे पाहिलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "ह्याच मालकीणबाई."

झालं! जिला आवडायचं होतं, तिच्याच पायावर सोडा. मला वाटलं, जमिनीतून धूर निघतो ना, त्याच भोकातून आपण आत जावं. पोरीचं काम माझ्या हातानं गेलं!

मालकीणबाईंनी माझ्या हातातला करंडा पाहिला, मागची रांग पाहिली. "बा, मुझसे क्या पूछ रही थीं आप?"

आता खोटं कशाला बोलू? मान खाली घालून म्हटलं, "यही, के हमारी पोरी को ये काम करने देऊ क्या."

त्या एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "नाचती थी तो आँख खोलने का मन नहीं हुआ, इतना अच्छा बजाती है. हर शनिवार भेजो." मग त्यांनी कुंकू पुसलं नाही. तसंच ठेवून परत नाचल्या.

घरी येताना मी रिक्षात ठरवत होते, भिकनला किती सांगायचं आणि किती गाळायचं. पण भिकन दारातच उभा, हातात मोबाइल. मिलमधल्या कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता. आमच्या आधी आमची बातमी घरी!

हर्षू माझ्यामागं लपली. भिकननं व्हिडिओ पुन्हा लावला. सोडा, कुंकू, रांग, सगळं. शेवटी हर्षू धावत येते आणि "चूक माझी आहे" म्हणते, तिथं त्यानं थांबवलं. मोबाइल खिशात ठेवला.

"हर्षू," तो म्हणाला, "एवढ्या लोकांत आजीची बाजू घेतलीस. तू कुठंही गेलीस तरी मला घोर नाही. जात जा शनिवारी."

पोरगी त्याच्या गळ्यातच पडली. मी डोळ्याला पदर लावला आणि म्हटलं, "बघ, म्हणत होते ना, देवीचा कौल खरा होतो!"

भिकन माझ्याकडे वळला.

"आणि आई, तू! तू परत त्या क्लबात पाऊल टाकायचं नाही!"