दाराबाहेरची कळशी

बुधवार, चैत्र अमावास्या. नांदेडच्या स्टँडवर हजर: मी, आमचे हे, दशम्यांचा (दुधातल्या भाकऱ्या) डबा आणि पाण्याचे दोन कॅन. लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच. तिथली कापड गल्ली जळून महिना झाला होता आणि गल्लीच्या टोकाला माझी धाकटी बहीण शिवलीला राहत होती.

अहमदपूरजवळ एसटी पंक्चर झाली. गाडीत लेकरं होती, दोन्ही कॅन तिथेच रिकामे झाले.

लातूरची गल्ली ओळखू येईना. माळवदं (मातीची सपाट छपरं) आणि सागवानी माड्या गेल्या होत्या. काळ्या भिंतींमधून थेट पलीकडचा बाजार दिसत होता. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या.

"बंब आत शिरंना म्हणून जळालं सगळं," रिक्षावाला म्हणाला. "आता रस्ता रुंद करायलेत. उरलंय त्येबी पाडतेत."

एक रेघ शिवलीलाच्या ओसरीतून गेली होती. दाराबाहेर भरलेली कळशी, वर तांब्या. एवढ्या टंचाईत पाहुण्यांसाठी पाणी ठेवलंय म्हणून मला भरून आलं. रीतीप्रमाणे आम्ही दोघांनी पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. कळशी संपली.

शिवलीला बाहेर आली आणि थबकली. "अक्का, ते आगीचं पाणी हाय!"

आगीनंतर गल्लीने ठरवलं होतं: प्रत्येक दाराशी एक भरली कळशी, घसा सुकला तरी हात लावायचा नाही.

समोरच्या रत्नाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "दाजी, पायाला लई आग लागली होती व्हय? इझली का?"

हे गोरेमोरे झाले.

घरात जेमतेम पिण्यापुरतं पाणी होतं. टँकर उद्या दुपारी. "कळशी रिकामी, मग चूल न्हाई, दिवा न्हाई," शिवलीला म्हणाली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

दिवेलागणीला वारा सुटला. जळके पत्रे वाजू लागले. कुणाच्या तरी चुलीतून ठिणगी उडाली आणि सगळी गल्ली उठून उभी राहिली. शिवलीलाचा हात कळशीकडे गेला, तसाच मागे आला. ठिणगी धुळीत विझली. तरी बराच वेळ कुणी बसेना. मग रत्नाबाईंनी आपली कळशी उचलून दोन्ही दारांच्या मधोमध आणून ठेवली. "तुझी भरंस्तोर ही दोघींची," एवढंच म्हणाल्या.

टँकरच्या आधीच आमची गाडी होती.

रस्ता रुंद होईल, बंबही आत येईल. पण तोवर वारा थांबणार नाही. नांदेडला पानं हलली, तरी माझी नजर दाराकडे जाते. दोन्ही कॅन भरून तिथे ठेवले आहेत. लातूरला जाऊन ती कळशी माझ्या हाताने भरायची आहे. ते अजून झालेलं नाही.