लागलं!

उर्वशीच्या जिवाला थारा म्हणून नव्हता. हा उतावळेपणा बापाकडून आलेला. रामाजी म्हणजे अख्ख्या सौंसरला ठाऊक असलेला उतावळा गडी. संत्र्याच्या बागेत बोअर मारायला घ्यायचा, अन् कोरडा खडक लागला की लगेच ओरडायचा, "काढा रे मशीन!" बागेत अशी तीन भोकं पडून होती. खाण तशी माती, दुसरं काय!

लेक नागपूरला उंदराच्या मेंदूवर संशोधन करत होती. बेशुद्ध उंदराच्या मेंदूत केसाएवढी तार हळूहळू उतरवायची अन् तिथल्या पेशींची वीज स्पीकरवर ऐकायची. प्रत्येक थराचा आवाज वेगळा, त्यावरून तार कुठं पोचली ते ओळखायचं. वरच्या थरात तडतड असे. तिला हवा होता त्याखालचा, आठवणी साठवणारा भाग. पण मधेच सगळं सुनसान होई. 'तार तुटली!' म्हणून ती घाईनं बाहेर ओढी. दोन उंदीर असेच फुकट गेले. आता एकच उरला होता. तोही गेला तर तिच्या मार्गदर्शक मॅडम काम दुसऱ्याला देणार होत्या.

रविवारी घरी आली, तर बागेत पांढुर्ण्याची बोअरमशीन घरघरत होती. पांढरी धूळ उडाली अन् रामाजी खेकसला, "बंद करा! काही नाही इथं."

"बाबा, इतकी घाई कायची करून राहिले?"

"कोरडं लागलं ना! खाली काय ठेवलं हाय?"

उर्वशी चपापली. तार ओढताना तीही हेच करत होती! मधला थर पांढऱ्या तंतूंचा, जवळजवळ मुका असतो, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. पण हाताला धीर कोण देणार?

सोमवारी नागपुरात शेवटच्या उंदराच्या मेंदूत तार उतरली. तडतड झाली, मग सुनसान. तार ओढायला हात शिवशिवला. तिनं ओठ चावला अन् तार आणखी खाली सोडली. काही नाही. आणखी थोडी. अन् स्पीकरमधून लाह्या फुटाव्या तसा आवाज आला.

"लागलं!" ती किंचाळली.

मॅडम मूळच्या पुण्याच्या, त्या धावत आल्या. "कुठं लागलं? रक्त आलं का?"

"नाही हो मॅडम! बोअरला पाणी लागलं की आमच्याकडे असंच ओरडतात." ती हसत होती अन् डोळे पुसत होती.

मग बाहेर येऊन तिनं फोन लावला. "बाबा, मशीन गेली का?"

"रात्री इथंच थांबले होते. आता रॉड भरून राहिले गाडीत. काऊन?"

"थांबवा त्याईले. त्याच भोकात अजून खाली जाऊ द्या."

पलीकडे काहीच आवाज नाही. एरवी तिनं दोनदा हॅलो करून फोन आपटला असता. आज कानाला लावून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं लांबून ऐकू आलं, "ए भाऊ, उतरवा ते रॉड परत."