सत्त्याऐंशी टक्क्यांवर अडकलेली फिल्म

नाना गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा मी दादरला, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होते. "सकाळी छातीत दुखलं त्यांच्या, हॉस्पिटलात नेईपर्यंत..." एवढं बोलून ती थांबली. मला लगेच रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता नाना फिल्मबद्दल विचारणार नाहीत. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला मला दीड महिना लागला.

नाना म्हणजे घोडपदेवच्या आमच्या चाळीतले शेजारी. तीस वर्षं त्यांनी परळ-लालबागच्या हॉलमधून लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. गुडघे गेल्यावर कॅमेरा पेटीत गेला, पण एडिटिंगचा कॉम्प्युटर खिडकीखाली तसाच राहिला. बारावीनंतरच्या सुट्टीत मी त्यावरच शिकले. क्लिप कुठे कापायची, आवाज कसा जुळवायचा, आणि सॉफ्टवेअर बंद पडलं तर न घाबरता आधी काय तपासायचं, हे सगळं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथे फिल्मचा विषय घेण्याचं धाडस झालं ते नानांमुळे. सगळे तुकडे जोडून अखेरची फाईल बाहेर पडत असताना, म्हणजे एक्स्पोर्ट चालू असताना, ते कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून बसायचे, पोराचा ताप बघावा तसे. "तापलो तर पंखो त्येका लाव, माका नको," म्हणायचे. त्यांची बायको, आमच्या काकी, आतून सुनावायच्या, "माझा कपाळ असा कधी बघूक नाय ह्येंनी!"

दुसऱ्या वर्षाला स्पर्धेसाठी सहा मिनिटांची फिल्म करायची ठरली. गोष्ट साधी. पहिल्या मुलाखतीला निघालेली मुलगी, घरात वीज गेलेली, आणि शेजारचे आजोबा तांब्यात उकळतं पाणी ओतून तिच्या ओढणीला इस्त्री करून देतात. आजोबा नानाच होणार, यात मला शंका नव्हती. त्यांनी दाढी केली, ठेवणीतला सदरा घातला, सबंध मजल्याला सांगून ठेवलं. तांब्या फिरवत तर असे होते, की ओढणीवरची एकेक सुरकुती निघताना दिसत होती. फक्त, तांब्या उचलला की एकदा आणि ठेवला की एकदा, ते सरळ कॅमेऱ्यात बघून हसायचे. प्रत्येक टेकमध्ये.

"नाना, कॅमेऱ्यात नका ना बघू!"

"अगो, तीस वर्सा लोकांका 'हंयसर बघा, हंयसर बघा' सांगान आता माझीच मान वळता. मी काय करू?"

ते शॉट्स कॉलेजमध्ये दाखवले. वर्गातली मुलं मनापासून हसली. "आजोबा क्यूट आहेत यार, पण लग्नाची कॅसेट वाटते." मीही हसले... सगळ्यांबरोबर. आणि घरी येऊन माझ्या लॅपटॉपवर नानांच्या चेहऱ्याचे सगळे शॉट्स काढले. फिल्ममध्ये राहिले फक्त त्यांचे हात. तीच फिल्म मी स्पर्धेला दिली. बक्षीस मिळालं नाही.

इकडे नाना वाट बघत होते. गॅलरीत चादर बांधून सगळ्यांना फिल्म दाखवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. "बाय, झालो काय गो आपलो पिच्चर?" त्यांच्या तोंडावर मी म्हणाले, "नाही नाना, एक्स्पोर्ट होत नाही. सत्त्याऐंशी टक्क्यांवर अडकतं." आकडा कुठून सुचला कुणास ठाऊक. खोटं एकदाच बोलायचं होतं, पण नानांनी तो बिघाड खरा धरला. दर दोन दिवसांनी ते एक नवा उपाय सांगायचे. डिस्कवर जागा कर. फाईलच्या नावात मराठी अक्षरं ठेवू नको. जुन्या तात्पुरत्या फायली पुसून टाक. मी प्रत्येक वेळी "करून बघते" म्हणायचे. न झालेल्या बिघाडावर तो माणूस महिनाभर डोकं लावत होता.

शेवटचं भेटले तो रविवार होता. ते खुर्चीत, मी दारातच. "लॅपटॉप घेवन ये, मी बघतंय," ते म्हणाले. शॉट्स ओळीने मांडलेली टाइमलाइन उघडली असती तर त्यांना एका नजरेत कळलं असतं. मी म्हणाले, चार्जर कॉलेजला राहिलाय. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "असा कर. एकेक क्लिप बंद करून बघ. जी बंद केल्यावर चलता, तीच नासकी. ती काढून टाक. माझी असली तरी काढ गो... एका शॉटापायी आख्खो पिच्चर अडकवू नको."

त्यांना कळलं होतं का? मला माहीत नाही. तेव्हा आत जाऊन बसायला हवं होतं. मी "बरं" म्हणून घरी आले.

गेल्या आठवड्यात लॅपटॉपमधलं सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन मी काकींकडे गेले. सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं, मीच नानांना काढलं होतं, असं त्यांना सांगितलं. काकी उठल्या. मग कॉम्प्युटरवरचं फडकं काढत म्हणाल्या, "लाव आता."

नानांच्या खुर्चीत बसून मी एकेक शॉट परत जागेवर ठेवला. उचललेला तांब्या, ठेवलेला तांब्या, दोन्ही वेळचं हसू. एक्स्पोर्ट सुरू केलं आणि डब्यावर हात ठेवला. सत्तर... ऐंशी... सत्त्याऐंशी. तिथे ते क्षणभरही थांबलं नाही.

फिल्म लावली. नानांनी तांब्या उचलला, मान वळवली आणि सरळ आमच्याकडे बघितलं.

काकींनी पटकन पदर सारखा केला.