पुस्तकासाठी पसरलेला पदर

"पदर पसर वं. साहेब थांबून राहिले."

मालक बोलला. मी पसरला. मालकिणीने लांबूनच, वरून शिळी भाकर टाकली. साहेबाने फोटो काढला.

"आणखी वाका, बाई. डोळे खाली."

वाकले. संत्र्याचा तोडा चालू होता. बाया हात थांबवून पाहत होत्या. एक म्हणाली, "हिरोईन झाली वं तू!" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून गेली नाही.

सौंसरजवळचा तो बगीचा. साहेब विद्यापीठातून आलेला. देशोदेशीच्या लोकांच्या रीती ताडून पाहायचा. त्याच्याजवळ जुनं पुस्तक होतं. त्यात होतं, आमची जात दारोदार भाकर मागते. मी त्याला सांगितलं, सासूने धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात मागितलेली भाकर आली नाही. त्याने ते लिहून घेतलं नाही. म्हणाला, "पुस्तकात आहे ना!"

माझा नवरा त्याच मालकाचा सालदार. मालक हळूच म्हणाला, "नवऱ्याचं काम पाह्यजे ना तुले?"

म्हणून पदर पसरला.

साहेबाने कॅमेऱ्यातलं रीळ बदललं. तोवर बायांना दूरदेशचे फोटो दाखवले. एका फोटोत काळी बाई होती. कटोरा पुढे धरलेली. मान खाली, पण डोळे वर, फोटो काढणाऱ्यावर रोखलेले. मला कळलं. हिलाही कोणीतरी वाकायला लावलं होतं.

"आता मुलीला घेऊन एक," साहेब म्हणाला.

माझी पोरगी आली. दुसरीत होती. कोणी काही सांगायच्या आधीच तिने फ्रॉक पसरला. माझं पाहून.

मी पदर सोडला. भाकर मातीत पडली. पोरीचा फ्रॉक खाली ओढून सरळ केला.

"नाही," मी म्हणाले.

"मंग उद्यापासून दोघंबी येऊ नका," मालक म्हणाला.

"नाही येत."

नवरा कितीतरी दिवस मला बोल लावत राहिला. मी माफी मागितली नाही.

पहिला फोटो साहेबासोबत गेला. कुठल्या तरी पुस्तकात मी आजही वाकलेली असेन. तिथून मला निघता येत नाही. खाली जातीचं नाव असेल, रीत म्हणून लिहिलं असेल. मी चौथी शिकले आहे. माझ्या हाताने लिहिते आहे, आणि विचारेल त्याला सांगत राहीन: ती रीत नव्हती. मला तिथं उभं केलं होतं.

फोटोतली ती पदर पसरलेली बाई मी आहे.