शेवंतीसाठी अंधार

शेवंतीला अंधार लागतो, हे मला गांजा पिकवणाऱ्यांनी शिकवलं. समोरासमोर नाही अर्थात. ते तिकडे अमेरिकेत कुणाच्या तरी तळघरात बसलेले, आणि मी इकडे तळोज्याच्या एका कंपनीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा खात. घरातल्या झाडाला कुठला दिवा लावावा, असं इंटरनेटवर विचारलं की त्या काळी सगळ्या वाटा त्यांच्याच दारात जायच्या. झाडाच्या उजेडाचा इतका बारीक विचार करणारे दुसरे लोक मला तरी सापडले नाहीत. शेजारच्या टेबलावरचं कुणी उठलं की मी पटकन एक्सेलची शीट वर आणायची.

नवरा जाऊन तेव्हा आठ-नऊ महिने झाले होते. जासईच्या एका कंटेनर यार्डात तो कामाला होता. दुसरी पाळी संपवून पनवेलला परत येताना ट्रेलरने त्याच्या बाइकला धडक दिली. मला तेव्हा काही वाटलंच नाही. भेटायला येणाऱ्यांना मी चहा करायची, साखर किती ते विचारायची. लोक म्हणायचे, पोर खंबीर आहे हो. खंबीर कसली, बधिर होते. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात तसं झालं होतं, आणि ते उतरतच नव्हतं.

सासूबाई उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. सासरे होडीवर जायचे तेव्हापासून त्यांच्या घरात एक रीत होती: घरचा माणूस पाण्यावर असेपर्यंत दारातला दिवा मालवायचा नाही. पुढे सासरे गेले, होडी विकली, मुलाने पनवेलला फ्लॅट घेऊन आईला आणलं. रीतही त्यांच्याबरोबर चौथ्या मजल्यावर चढून आली. मुलगा डांबरी रस्त्याने कामाला जायचा, पण त्यांच्या लेखी बाहेर गेलेला माणूस बाहेरच. संध्याकाळ झाली की त्या गॅलरीतला बल्ब लावायच्या, आणि तो आला की स्वतःच्या हाताने बंद करायचा. लॅचची किल्ली त्याच्याजवळ असायची, त्यामुळे दाराला आतून कडी आम्ही कधी घालतच नसू.

तो गेल्यावर बल्ब बंद करणारं कुणी राहिलं नाही. सासूबाई तो रोज लावायच्या, सकाळी दूध आलं की मी मालवायची. त्याबद्दल आम्ही दोघी कधी अवाक्षर बोललो नाही.

त्याच बल्बच्या खाली शेवंती होती. अपघाताच्या थोडे दिवस आधी नवरा कोळीवाड्यात गेला होता, तिथल्या अंगणातून पिवळ्याधमक फुलांनी भरलेलं झाड मुळासकट उचलून घेऊन आला. रंगाच्या मोठ्या डब्यात माती भरून ते लावलं आणि म्हणाला, आईचं अंगण आलं बघ वर. पुढचं सगळं घडून गेल्यावर सासूबाईंनी एकच गोष्ट मनाशी धरली. वर्षश्राद्धाला त्याच्या फोटोला बाजारचा हार घालायचा नाही.

"त्यानं लावलेल्या झाडाचं फूल पायजे मला. एकच का होईना," त्या म्हणायच्या. दुसरं कधी काही मागितलं नाही त्यांनी.

पण पावसाळा सरेपर्यंत समोरची इमारत आमच्या डोक्यावरून वर गेली आणि गॅलरीतलं ऊन संपलं. झाडाची काटकुळी लांबच लांब वाढ व्हायला लागली. म्हणून मी दिव्याच्या मागे लागले. खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. वॅटमध्ये कुणी मेलेलं नसतं.

खालच्या मजल्यावरचे एक भाऊ तळोज्यात शिफ्टला जायचे. त्यांनी कारखान्यातला एक जुना सोडियमचा दिवा आणून दिला. त्याचा उजेड भरपूर, पण गॅलरीची भट्टी झाली, वरची पानं वळली आणि मीटर भिरभिरायला लागला. मग सीएफएल लावून पाहिले. ते गार होते, पण झाड त्यांच्या अगदी अंगाला चिकटवून ठेवावं लागे, हातभर लांब गेलं की उपयोग शून्य. गांजेवाल्यांचं म्हणणं असं की वॅट म्हणजे दिवा किती खातो ते. झाडाला किती वाढतो, हा हिशोब वेगळा. आपल्या डोळ्याला जे लख्ख दिसतं त्यातलं बरंचसं झाडाच्या कामाचं नसतं, त्याला मुख्यतः तांबडा आणि निळा उजेड लागतो. आणि जो दिवा हाताला चटका देतो तो निम्मी वीज उगाच हवा तापवण्यात घालवतो. हे सगळं पटून मी तांबड्या-निळ्या एलईडीचं एक छोटं पॅनल मागवलं. सोबत आपोआप चालू-बंद करणारा टायमर.

दोन दिवसांत सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "वहिनी, तुमची गॅलरी जांभळी दिसते हो रस्त्यावरून. लोक काय काय बोलतात. हायवेवरच्या बारसारखं वाटतं."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "बारच काडलाय आमी. या, बसा. ताक हाय नि पानी हाय, काय देऊ?"

सेक्रेटरी जिना उतरून गेले. मला हसू यायला हवं होतं. यायला हवं होतं, हे कळलं तेवढंच.

दिवा मी पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू ठेवायची. जास्त उजेड म्हणजे जास्त फुलं, असं साधं गणित होतं माझं. झाड खरंच भरलं, काळपट हिरव्या पानांनी डबा दिसेनासा झाला. दसऱ्याला पनवेलच्या बाजारात शेवंतीचे ढीग लागले, आणि आमच्या झाडावर औषधाला एक कळी नाही. सासूबाई रोज एकेक शेंडा बोटांनी उलगडून बघायच्या आणि आत यायच्या.

मी पुन्हा गांजेवाल्यांना शरण गेले. तिथे एकाचं हेच रडगाणं चाललं होतं: पाला उदंड, फूल नाही. बाकीच्यांनी त्याला फैलावर घेतलं होतं. फुलायचं की नाही हे झाड रात्रीवरून ठरवतं, रोज बारा तास सलग गडद अंधार दे, मध्ये बारीकसा उजेडसुद्धा नको. एकाने तर चार्जरच्या लाल ठिपक्यावर पट्टी चिकटवली होती. मी शेवंतीचं शोधून पाहिलं. तिचीही तीच तऱ्हा निघाली.

पॅनलचा टायमर मी त्याच दिवशी कमी केला. पण वरचा बल्ब रात्रभर जळत होताच. झाड आत घेऊ म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्यानं ठेवलंय तितंच राऊ दे." मग मिक्सरच्या दुकानातून मोठं खोकं आणून संध्याकाळी झाडावर पालथं घातलं. थोड्या वेळाने बघते तर खोकं बाजूला.

"जित्या झाडाला कोंडतात का गो?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. त्या ओट्याशी बसून कोलंबी सोलत होत्या. मी म्हटलं, "आई, दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, झाड झोपतं, असं तुम्हीच सांगता ना? हे झाड झोपतच नाहीये. वर बल्ब आहे. रात्रभर उजेड असला तर त्याला कळी धरत नाही."

त्यांचा हात थांबला. "मंजे मीच जागं ठेवलंय त्या झाडाला?"

त्यांनी उरलेली कोलंबी सोलली, धुतली, हळद-मीठ लावून ठेवली. संध्याकाळी उठून बल्ब लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, याचा विचार करून पाहिला, पण माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मला वाटायचं, वाट त्या बघताहेत. जुनं माणूस, जुनी समजूत. आपण शिकलेल्या, आपल्याला सगळं माहीत आहे.

त्यानंतर एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर गॅलरीत अंधार. सासूबाई दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर.

"लावला नाय," त्या म्हणाल्या.

"बरं," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरातला उजेड गॅलरीत जाऊ नये म्हणून मधलं दार ओढून घेतलं.

त्यानंतर रोज तसंच. दिवाळीला सगळ्या इमारतीवर माळा लागल्या, आमची गॅलरी तेवढी काळी. गजबज उतरल्यावर एका सकाळी सासूबाईंनी मला हाताला धरून बाहेर नेलं. शेंड्यात हिरवे मणी धरले होते. "कली हाय ना गो ही?" त्यांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. मी हो म्हटलं. त्या तिथेच उभ्या राहून रडल्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि मनात आलं की भाजी करपेल.

वर्षश्राद्धाला सात-आठ फुलं पुरती उमलली होती, पिवळीधमक, गेल्या वर्षीसारखीच. सासूबाईंनी त्यातलं एकच खुडलं आणि फोटोपाशी ठेवलं. बाकीची झाडावर राहू दिली. उरणहून आलेली माणसं जेवून, निरोप घेऊन गेली. संध्याकाळ झाली. घरात आम्ही दोघीच.

इतके दिवस त्यांना अंधारात बसवलं याचं मला वाईट वाटत होतं. म्हणून म्हटलं, "आई, आता फुलं आली. आता बल्ब लावला तरी झाडाला काही होत नाही."

त्या फोटोकडे बघत होत्या. म्हणाल्या, "कोनासाठी लावू?"

मग त्या मला म्हणाल्या, "ऊठ. दाराला कडी घाल."

मी उठले. कडी दारामागे लोंबत होती, तिच्यावर धूळ बसली होती. सासूबाईंना कडीशी कधी काम नव्हतं, त्या माझ्या आधी झोपायच्या. रात्री शेवटी दार बघायचं काम माझं. वर्षभर रोज मी लॅच लागलं का ते बघत आले आणि कडीला हात लावला नाही. त्याच्या किल्लीने लॅच उघडेल, पण आतून कडी असेल तर तो बाहेर राहील.

हात वर जाईना. मागून त्या आल्या, माझा हात धरला आणि आम्ही दोघींनी मिळून कडी घातली. मग मी तिथेच, चपलांच्या शेजारी, खाली बसले आणि मला पहिल्यांदा रडू आलं.