शिळं काय उरलंय?

अंबरनाथ-बदलापूरला एका दिवसात काय बघता येईल, असं काही वाचकांनी विचारलंय. शिवमंदिर बघा, हे सगळेच सांगतील, मीही सांगतो. पण नव्वदीच्या सुरुवातीला मी त्या भागात पहिल्यांदा गेलो, ते लोकांची स्वयंपाकघरं बघायला.

माझी बायको वसुधा डॉक्टर. आहार आणि मधुमेह यांचा संबंध शोधण्याचं तिचं पहिलंच स्वतंत्र काम होतं. घरोघरी जायचं, शिजणाऱ्या जिनसांचं वजन करायचं, काल काय जेवलात ते विचारायचं आणि रक्ताच्या रिपोर्टशी ताडून बघायचं. संशोधन तिचं, स्कूटर माझी. खायला मिळणार म्हटल्यावर मी कुठेही जायला तयार. एका शनिवारी मांडीवर वजनकाटा घेऊन ती मागे बसली आणि आम्ही कल्याणहून निघालो.

उल्हासनगरात शिरल्या शिरल्या तळणाचा वास आला आणि माझा चेहरा उजळला. कॅम्पातल्या सिंधी भाभींनी दारातच बजावलं, “डॉक्टर साब, पहले पापड-पानी, बाद में सवाल!” मग दालपकवान, कढी-चावल, वर मिठाई.

“कल क्या खाया था?” वसुधानं विचारलं.

“बस, यही सब!”

दुपारी अंबरनाथला कारखान्यातल्या एका साहेबांच्या क्वार्टरवर गेलो. तिथे उलटी तऱ्हा. मधुमेहाची डॉक्टर येणार म्हणून कारलं, मेथी आणि काकडीची कोशिंबीर. बाई म्हणाल्या, “आमच्याकडे अगदी साधं असतं हो. ह्यांना गोड मुळीच चालत नाही.” साहेब मान खाली घालून कारलं चघळत होते.

संध्याकाळी शिवमंदिरात गेलो. (हल्ली अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेरून रिक्षा मिळते, सकाळी लवकर जा, निवांत बसता येतं.) वसुधा गार दगडावर टेकली आणि म्हणाली, “एका घरी रोज लग्न, दुसऱ्या घरी रोज पथ्य. ताटच खोटं असेल तर रिपोर्ट खरे असून काय करायचे? हे सगळं फेकून द्यावं लागेल रे.” तिचे डोळे भरले होते.

रविवारी बदलापूरहून सोनिवलीला. तेव्हा तिथे भातशेती होती आणि रस्त्याच्या नावानं खड्डे. शेतकरी घरातल्या हिराबाईंनी आमच्यासाठी कोंबडी कापली होती. वडे-रश्श्यावर ताव मारून मी हात धुवायला उठलो, तर चुलीमागून सुकटीचा वास आला. माझी जीभ कुठली थांबतेय!

“हिराबाई, शिळं काय उरलंय?”

वसुधानं डोळे वटारले. हिराबाईंनी तोंडाला पदर लावला. “अवो दादा, पावन्याला शिली भाकर कशी वारू?”

“वाढा हो, मला आवडते.”

त्यांनी टोपावरचं झाकण काढलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. “आमी रोज ह्याच खातो. कोंबरी तुमी आले म्हणून.”

वसुधानं वजनकाटा काढला आणि माझ्या हातातली भाकरी त्यावर ठेवली.

परतताना तिनं दोन्ही घरी पुन्हा थांबायला लावलं आणि तोच प्रश्न विचारला. साहेबांच्या फ्रिजात आम्रखंडाचा अर्धा डबा निघाला. “त्याशिवाय झोपच येत नाही हो,” ते अपराध्यासारखे म्हणाले. भाभींकडे सेयल मानी होती, म्हणजे उरलेल्या पोळ्या मसाल्यात शिजवलेल्या. “ये तो घर का खाना है, मेहमान को कैसे देती?”

पुढे प्रत्येक घरी वसुधा आधी शिळ्याचंच विचारायची. “हावरा नवरा मिळाला म्हणून काम तडीस गेलं,” असं ती चारचौघांत सांगायची, आणि मला भारी वाटायचं.

वसुधा आता नाही. गेल्या रविवारी मी एकटाच त्या रस्त्यानं जाऊन आलो. सोनिवलीत इमारती झाल्यात. हिराबाईंचं अंगण मला सापडलं नाही. मंदिरातला दगड मात्र तसाच गार आहे. तिथे बसल्यावर तिची फार आठवण आली.

घरी येऊन टेकतो तोच पुण्याहून लेकीचा फोन. ती रोज करते.

“बाबा, काल काय जेवलात?”

“वरण-भात, पोळी, पालेभाजी,” मी नेहमीसारखं ठोकून दिलं.

“बरं. मग शिळं काय उरलंय?”

मी फ्रिज उघडला. आत दुधाची पिशवी होती.

“काही नाही गं,” मी म्हणालो. “काल चहा आणि खारीच खाल्ली. परवाही तेच.”